दोन बाटल्या, एक वाटी

ज्यानं त्या बाटल्यांवर मराठीत एक अक्षर छापलं नाय, त्याला आधी माझ्यासमोर उभा करा. मासे पाळणारे काय सगळे इंग्लिश शाळेतलेच असतात?

हां, आता नमस्कार. ग्रुपवरचे सगळे बरे असाल.

परवा सकाळी रोह्याला आमच्या घरात माझ्या हातून एक घोटाळा झाला. तो इथं लिहिते.

माझी नात अस्मिता धाटावला कंपनीत लॅबमध्ये कामाला आहे. पुढच्या खोलीत तिची काचेची मोठी टाकी आहे, घरीच मीठ कालवून केलेल्या खाऱ्या पाण्याची. आत दोन मासे आणि दगडांवर कोरल. मला आधी वाटलं प्लास्टिकची फुलं आहेत... पण ती जिवंत जनावरं. पाण्यातला चुना घेऊन अंगाखाली हाड बांधतात.

तो चुना संपत जातो, म्हणून रोज टॉनिक द्यायचं. लाल दोऱ्याची बाटली कॅल्शियमची, ती सकाळी. काळ्या दोऱ्याची सोड्यासारखी, ती संध्याकाळी. दोरे अस्मितानं माझ्यासाठीच बांधले. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातही निम्मे दिवस मिठागरावर.

ती कंपनीच्या ट्रेनिंगला आठ दिवस बाहेरगावी गेली आणि टाकी माझ्या गळ्यात घालून गेली. "आजी, दोन्ही एकत्र नको हां," एवढं बोलली. का नको, ते नाय बोलली. माझ्या बीपीच्या नि साखरेच्या गोळ्या मी एका घोटात गिळते, मला काय ठाऊक?

परवा मला पेणला बहिणीकडे दोन दिवस राहायला जायचं होतं. मुलाला, म्हणजे अस्मिताच्या बापाला, सांगून उपयोग नाय, तो शिफ्टवरून आला की ओंडका होऊन पडतो. म्हणून मी दोन दिवसांचं टॉनिक, दोन्ही बाटल्यांतलं, एकाच वाटीत ओतलं. वाटीत ताक झालं... घाईत तसंच टाकीत ओतलं आणि एसटी गाठली.

नागोठणं जवळ आलं आणि वाटीतलं ते ताक डोळ्यांसमोर आलं.

माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं, बापाचं मिठागर होतं. पाणी आटून जाड झालं की मीठ धरायच्या आधी तळाला पांढरी कचकच बसते. बाप म्हणायचा, पाण्यानं चुना टाकला. म्हणजे वाटीत ताक नव्हतं झालं... चुना फुटला होता. जो त्या जनावरांच्या पोटात जायचा, तो मी माती करून टाकला होता.

नागोठण्याला उतरले आणि परतीची गाडी धरली. बहिणीचा फोन आला. "काय गो, माझ्याकडचं जेवण सोडून दगडं बघायला परत चाललीस?"

"दगडं नाय ती. ठेव फोन."

घरी आले तर टाकीत तांदळाचं धुवण. मासे वर येऊन तोंड उघडत होते. कोरल सगळे मिटून बसलेले... सकाळपर्यंत फुललेली टाकी, आणि आत नुसते गोळे.

मुलगा उठून आला आणि कपाटातली तिसरीच बाटली काढली. "आये, ही टाकूया, पाणी साफ होईल."

"हात लावून बघ, मनगट मोडते," मी म्हटलं. मिठागरात पाणी बिघडलं तर त्यात औषध नाय ओतत. बांध जरासा फोडून भरतीचं पाणी हळूहळू आत घेतात.

अस्मितानं मागच्या पडवीत तयार खारं पाणी पिंपात झाकून ठेवलं आहे. मी दोन्हीकडचं पाणी जिभेला लावून बघितलं, खारटपणा सारखाच. मग एक तांब्या बाहेर, एक तांब्या आत... दिवस मावळेपर्यंत. कंबर गेली, पण पाणी निवळलं. मासे खाली गेले.

काल सकाळी बाकीचे कोरल थोडे थोडे उघडले. एक नाय उघडला. हिरव्या बोटांचा, अस्मितानं नखाएवढ्या तुकड्यापासून पाच वर्षं वाढवलेला. त्याची एक बाजू पांढरी पडली आहे, आतलं हाड दिसतं.

आता मी काय केलं ते पण लिहिते. अस्मिताचा फोन ट्रेनिंगमध्ये दिवसभर जमा असतो, संध्याकाळी हातात आला की ती टाकीचा फोटो मागते. परवा मी जुना फोटो पाठवला. काल पण. "छान फुललाय गं आजी," असं तिनं लिहिलं... आणि मी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

नवरा गेला, पूर आले, तेव्हा मी एवढी घाबरले नाय. अस्मिता चिडत नाय, रडत नाय. ती नुसती गप्प होते. तिचं ते गप्प होणं मी एकदा बघितलंय, महिनाभर चाललं होतं. भीती त्याची आहे.

आणि कोरलची पण. टाकीत ठेवला आणि सडला तर बाकीच्यांना घेऊन जाईल. बाहेर काढला आणि तो जिवंत असला तर मीच मारला. मघापासून तीन वेळा पाण्यात हात घातला आणि रिकामा बाहेर काढला.

अस्मिता, खाली फोटो आहे, आजचा आहे. पांढरी बाजू मुद्दाम पुढे ठेवून काढलाय. काढू की ठेवू, ते सांग.

बाकी कोणी इथं शहाणपण शिकवायचं नाय, हात जोडलेली चित्रं पाठवायची नाय. उत्तर अस्मितानंच द्यायचं. शिव्या दे हवं तर, पण बापाकडून निरोप नको... तू स्वतः बोल.