मामांचा वीस मिनिटांचा पास्ता

माझ्या मधल्या मामांच्या वाट्याला देवाने काळजी इतक्या सढळ हाताने दिली आहे की त्यांच्या जिवावर आम्हा उरलेल्या सगळ्या नातेवाइकांना निर्धास्त जगता येतं. संकटाची चाहूल लागण्याआधीच मामा त्याच्या वाटेवर जाऊन उभे असतात. बहुतेक वेळा ते येतच नाही. मग ते का आलं नाही, दुसऱ्या वाटेने घरात तर शिरलं नाही ना, या विचाराने मामा आणखी अस्वस्थ होतात. सरकारी खात्यात तीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या. ही लिफ्ट वापरण्यास सुरक्षित आहे, असं मुंबईतल्या असंख्य इमारतींना सहीशिक्क्यानिशी लिहून देणारा हा माणूस स्वतः मात्र लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. लालबागची त्यांची चाळ पडून तिथे टॉवर झाला आणि त्यांना अकराव्या मजल्यावर घर मिळालं, तेव्हा मामी खिडकीतून दिसणारं आभाळ बघत होती आणि मामा जिन्याच्या पायऱ्या मोजत होते. मी एकदा धीर करून विचारलं की इतकी वर्षं तुम्हीच तर पास केल्यात ना लिफ्ट, मग आता भीती कसली? शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. आतलं सगळं बघितलंय मी."

घराबाहेर पडताना ते गॅसच्या बंद बटणाचा फोटो काढतात, म्हणजे वाटेत शंका आली तर फोन उघडून खात्री करता येते. माझ्या लग्नात कुणीतरी हौसेने त्यांच्या फोनमधले फोटो बघायला घेतले. वधूवरांचे दोन फोटो झाले आणि पुढे जसजसं बोट सरकवावं तसतशी गॅसची बटणं, कुलपं, इस्त्रीचा काढलेला प्लग आणि पुन्हा गॅसची बटणं. गणपतीत लालबागला माणसांचा पूर येतो, त्यामुळे त्या दहा दिवसांत घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशात मामा नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालून ठेवत. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. फक्त मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि ती चिठ्ठी कॉलेजात माझ्या पर्समधून मैत्रिणींच्या हाती लागली. 'ही मुलगी सापडल्यास कृपया खालील पत्त्यावर आणून पोचवावी.' पुढचं वर्षभर मला कॉलेजात 'सापडल्यास' याच नावाने हाक मारत. मामांना हे सांगितलं तर त्यांना अजिबात हसू आलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की मग आता ती चिठ्ठी कुठे आहे?

अशा माणसाशी मामीने चाळीस वर्षं संसार केला, तो निव्वळ हसून. मामी देवगडकडची. मुंबईत इतकी वर्षं काढूनही घरात मालवणीच बोलणारी, आणि बुधवार, शुक्रवार, रविवार या तीन दिवशी मासळी नसेल तर आपला वार चुकला असं समजणारी. मामा ताटावर बसले की आधी माशातला काटा शोधायचे आणि ती म्हणायची, की खाण्याआधी एवढी चौकशी तर माझ्या माहेरच्यांनी तुमची केली नव्हती. दोघांना मूलबाळ नाही. मी परळला नोकरी करते, पंधरा मिनिटांवर राहते, त्यामुळे हक्काचं माणूस मीच.

गेल्या वर्षी मामीचं मोठं ऑपरेशन झालं आणि मग कीमो सुरू झाली. आयुष्यभर काळजी करून मामांनी सराव करून ठेवला होता तो जणू यासाठीच, असं आम्हाला वाटलं होतं, पण झालं उलटच. खरी काळजी दारात आली आणि मामा गप्प झाले. औषधांनी मामीच्या तोंडाची चव गेली. भात घ्या, पेज घ्या, साधं पाणी घ्या, सगळं खिळा चघळल्यासारखं लागतं म्हणायची. मासळीचा तर वासही नको झाला. मामा रोज सकाळी तिला वजनाच्या काट्यावर उभं करायचे आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे. आकडा खालीच येत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस पुढे ढकलावा लागेल. कॅलेंडरवर पुढच्या डोसच्या तारखेभोवती मामांनी लाल गोल केला होता आणि तो गोल इतक्या वेळा गिरवला होता की कागद फाटायला आला होता.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसात असताना मामांचा फोन आला. म्हणाले, हातातलं काम टाक आणि ये. आवाज असा की मी पर्स उचलून तशीच निघाले. परळहून लालबागपर्यंत कशी आले ते मला आजही सांगता येणार नाही. बेल वाजवण्याआधीच मामांनी दार उघडलं, मला जिन्याजवळ नेलं आणि कुजबुजले, "ती काहीतरी मागतेय."

झालं होतं असं. मामी सोफ्यावर पडून फोनवर व्हिडिओ बघत होती. त्यात कुणी एक मुलगी वीस मिनिटांत कोळंबी, तिसऱ्यांच्या शिंपल्या आणि माकुल, म्हणजे स्क्विड, घालून पास्ता करत होती. मामीने तो दोनदा बघितला, फोन मामांसमोर धरला आणि म्हणाली, "ह्यां माका खावक व्हयां." चार महिन्यांत तिने तोंडाने मागितलेली ही पहिली वस्तू. आता मामांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलेलं नव्हतं आणि पास्ता त्या घरात कधी शिरलेला नव्हता. मी म्हटलं, हॉटेलातून मागवू. मामा माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी मामीला फुटपाथवर जेवायला बसवायला सांगत होते. बाहेरचं तिला चालणार नव्हतं, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मामा मारुतीचे, शनिवारी मासळीचा वाससुद्धा त्यांना वर्ज्य. मी सहज म्हटलं, रविवारी करूया, बाजारही भरलेला असेल. त्यांनी कॅलेंडरवरच्या लाल गोलाकडे बघितलं. रविवारपर्यंत तिची इच्छा गेली तर? "उद्याच करायचं," ते म्हणाले. "मारुतीरायाला मी सांगतो."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ताजी मासळी आणा, नीट पूर्ण शिजवा आणि खाऊ द्या. मामांनी विचारलं, पूर्ण म्हणजे किती मिनिटं? उत्तर आलं, की शिजेपर्यंत. मामांनी तेही कागदावर लिहून घेतलं. आणि त्या रात्रीपासून त्यांना खरी काळजी लागली, कारण व्हिडिओतली मुलगी बजावून सांगत होती की कोळंबी तीन मिनिटांच्या वर शिजवाल तर रबर होईल. कमी शिजली तर मामीच्या पोटाला धोका. जास्त शिजली तर ती खाणार नाही आणि आकडा खाली येणार. तीन मिनिटं आणि रबर यांच्यामध्ये मामा सगळी रात्र अडकून पडले. त्यात व्हिडिओत क्रीम होतं, चीज होतं. मासे आणि दूध एकत्र खाल्लं तर अंगावर पांढरे डाग उठतात, असं मामांना त्यांच्या आईने सांगितलेलं. असं काही सिद्ध झालेलं नाही, हे मी पटवायला गेले तर म्हणाले, सायन्सला काय सिद्ध करायचं ते करू दे, पण तुझ्या मामीवर नको. क्रीम गेलं, चीज गेलं. उरला टोमॅटो, मिरची आणि लसूण.

सकाळी बाजारात मामांना बघून त्यांच्या नेहमीच्या मासळीवाल्या मावशींनी हातातली सुरी खाली ठेवली. त्यांनी घाबरत विचारलं, की आज शनवार, घरी सगळी बरी आहेत ना? मग मामांनी, जे आम्हा घरच्यांशीही कधी बोलले नव्हते ते सगळं, ऑपरेशन, कीमो, खिळ्याची चव, वजन, त्या ओल्या फरशीवर उभं राहून सांगितलं. मावशींनी मागचं गिऱ्हाईक थांबवलं. एकेक तिसरी दुसरीवर आपटून, आवाज ऐकून निवडून दिली, माकुल साफ करून दिलं आणि कोळंबी आतल्या पेटीतून काढली. मामा वाटेत एकच वाक्य बोलले, की हिला आवाजावरून कळतं.

संध्याकाळी पाच वाजता स्वयंपाकाला सुरुवात झाली. त्या मुलीला वीस मिनिटं लागतात म्हणजे आपल्याला अडीच तास लागतील, हा मामांचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. त्यांनी चष्मा पुसला, बाह्या दुमडल्या, खिडकी उघडली, गॅसच्या नळीवरून हात फिरवला. पास्त्याचं पाणी समुद्राइतकं खारट असावं, असं व्हिडिओत म्हटलं होतं. मामांनी मला विचारलं, कुठला समुद्र? देवगडचा की चौपाटीचा? मी हसले, पण त्यांना उत्तर हवं होतं. मग आम्ही देवगडचा धरला आणि मामीच्या ब्लड प्रेशरसाठी त्यातला निम्मा कमी केला. लसूण किती घालायची ते मुलगी नीट सांगत नव्हती, नुसतीच मूठभर म्हणत होती. मामांची मूठ मोठी. मी सोलून देत गेले आणि ते मूठ भरत गेले.

तेल तापलं, लसूण परतली, टोमॅटो गळला, तिसऱ्या पडल्या, झाकण बसलं. चार मिनिटांनी मामांनी झाकण काढलं. सगळ्या शिंपल्या उघडल्या होत्या आणि एक बंद होती. न उघडलेली तिसरी खायची नसते, हे मामांनी रात्री वाचलेलं. पण ती एक बंद शिंपली त्या रश्शात चार मिनिटं उकळली होती. तिच्यात काही वाईट असेल तर ते आता सगळ्यात उतरलं नसेल कशावरून? मी म्हटलं, काढून टाका आणि पुढे चला. त्यांनी गॅस बंद केला. "नको बाय. सगळं ओतून टाकूया," ते म्हणाले आणि त्यांनी कढई दोन्ही हातांनी उचलली. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघं तसेच उभे. पास्ता चाळणीत चिकटायला लागला होता आणि मला पहिल्यांदाच या माणसाचा राग आला, आणि रडूही आलं.

तेवढ्यात मामी दारात दिसली. दहा-बारा दिवसांत ती पलंग आणि सोफा सोडून कुठे गेली नव्हती. एका हाताने भिंत धरून ती आत आली, कढईत वाकून बघितलं, बोटांनी ती बंद शिंपली उचलली आणि बेसिनमध्ये टाकली.

"चाळीस वर्सां मी तिसऱ्यो रांधतंय," ती म्हणाली. "कोण मेलो नाय अजून."

मी तिला स्टूल दिलं. ती बसली आणि पुढचं सगळं तिने तिथूनच करवून घेतलं. आता माकुल घाला. आता कोळंबी. घड्याळ नका बघू, रंग बघा. मामा कोळंबीकडे असे बघत होते, की डोळ्याची पापणी लवली तर तेवढ्यात रबर होईल. मामी म्हणाली, आता, आणि मामांनी गॅस बंद केला. पास्त्याच्या लांब शेवया मामीच्या घशात अडकतील म्हणून त्यांनी स्वयंपाकाच्या कात्रीने त्या बोटाएवढ्या कापल्या. व्हिडिओत जे होतं त्याच्याशी या पदार्थाचं आता फारसं नातं उरलं नव्हतं.

साडेसातला मामीने पहिला घास घेतला. मामा तिच्यासमोर बसले, हात मांडीवर ठेवून. तिने चावलं, थांबली, पुन्हा चावलं.

"लसूण लागता," मामी म्हणाली.

मामांनी, कसं वाटतंय, पोटात काही होतंय का, मळमळतंय का, यातलं काहीही विचारलं नाही. वाटी संपली तेव्हा मामी म्हणाली, "आणखी जरासां घाला," आणि ते उठले ते आत गेले, आणि वाढून आणायला त्यांना जरा वेळच लागला.

त्यांनी स्वतः मात्र पास्त्याला बोट लावलं नाही, वरणभात खाल्ला. मला वाटलं शनिवार म्हणून. विचारलं तर म्हणाले, दोघांनाही बाधलं तर तिला हॉस्पिटलात कोण नेणार? रविवारी सकाळी मी गेले तेव्हा मामी शांत झोपलेली होती आणि मामा स्वयंपाकघरात उभ्याने, फ्रिजमधल्या डब्यातला गार पास्ता खात होते. कसा झालाय म्हटलं. त्यांनी विचार करून सांगितलं, की लसूण फारच झालीय, मग पुढचा घास घेतला, आणि डबा चाटूनपुसून संपवला.

पुढचा डोस लाल गोलातल्या तारखेलाच झाला. नंतरचेही झाले. मामी आता बरी आहे, वारावर मासळी रांधते, मामांना ओट्याजवळ फिरकू देत नाही. चवी एकेक करून परत आल्या, सगळ्या एकदम नाही. आधी आंबट आलं, मग तिखट, गोड फार उशिरा. चहा मात्र आलाच नाही. तो तिला अजूनही लोखंडासारखाच लागतो आणि डॉक्टर म्हणतात, कदाचित तसाच राहील. मध्ये एकदा त्यांच्याकडे गेले असताना मला चहाची तल्लफ आली आणि मी स्वतःच करायला उठले. पावडरचा डबा सापडेना. मग लक्षात आलं, की कित्येक महिन्यांत मी मामांना चहा पिताना बघितलेलं नाही. दिवसाला सहा कप पिणारा माणूस. मामी आत होती म्हणून मी हळूच विचारलं. मामा पेपर वाचत होते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सोडला. ॲसिडिटी होते."