सगळ्यांना शिकवणारे दाजी

देवळाली कॅम्पापासून नाशकातल्या द्वारका चौकापर्यंत असा एकही मोबाइल नसेल, ज्याकडे बघून माझ्या दाजींनी कधी ना कधी कपाळाला हात लावला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्म गेला, पण निवृत्त झाल्यावर त्यांनी जी शाळा उघडली तिला ना इमारत होती ना सुट्टी. बसमध्ये शेजारच्याचा स्क्रीन डोळे दिपवण्याइतका उजळ दिसला की दाजी हात लांब करून त्याचा उजेड कमी करत आणि मग ओळख करून घेत. "बॅटरी पितो हा, दिवसाढवळ्या पितो," असं ते अशा आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला आपल्या घरात कुणी दारुडा असल्यासारखं वाटे. चार्जिंग पार संपू द्यायचं नाही, रात्रभर उशीखाली ठेवून फोन चार्जिंगला लावायचा नाही, रेंज गेली तर फोन आपटायचा नाही, विमानाचं चित्र एकदा दाबून पुन्हा सोडायचं, वाढदिवसाची तारीख पासवर्ड म्हणून ठेवायची नाही. ही सगळी वाक्यं त्यांनी इतक्यांना ऐकवली होती की कॅम्पातल्या बाजारात त्यांना येताना पाहून काही दुकानदार आपला फोन गल्ल्याखाली सरकवत.

एकदा माझा फोन बादलीत पडला. मी कुठेतरी ऐकलं होतं तसा तो तांदळाच्या डब्यात खुपसला आणि दाजींना कळवलं. ते कॅम्पातून बस पकडून आमच्या घरी आले, डबा उघडला आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू मी देवघरात चपला ठेवल्या होत्या. "तांदूळ भातासाठी असतात," ते म्हणाले. "भुकटी जाईल चार्जिंगच्या भोकात. बंद कर, पूस, पंख्यासमोर उभा कर आणि उद्यापर्यंत त्याचं तोंड पाहू नकोस." फोन दुसऱ्या दिवशी ठणठणीत चालू झाला. पण दाजी मात्र तांदूळ वाया जाऊ नयेत म्हणून मला खिचडी टाकायला लावून, ती शिजेपर्यंत माझ्या नवऱ्याच्या फोनमधली जागा रिकामी करत बसले होते. लग्नकार्य असो की सुतक, त्यांना फरक पडत नसे. रामकुंडावर त्यांच्या चुलतभावाच्या दहाव्याला सगळे कावळ्याची वाट पाहत असताना त्या भावाच्याच मोठ्या मुलाच्या खिशात एक अतिशय शृंगारिक गाणं वाजलं. दाजींनी शांतपणे त्याचा फोन काढून घेतला, आवाज बंद केला, आणि हातात आलाच आहे तर म्हणून ग्रुपवरचे फोटो आपोआप उतरायचेही थांबवले. ते पाहून चार म्हातारे आपापले फोन घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. कावळा शिवून गेला हे फक्त गुरुजींनी पाहिलं.

एक मात्र खरं, शिकवावं तर दाजींनीच. कुणी कितीही वेळा विसरलं तरी त्यांचा आवाज चढत नसे. ते फोन समोरच्याच्या हातात परत देत आणि म्हणत, "तुमच्या बोटाने करा. माझ्या बोटाने केलं तर माझं बोट शिकेल, तुमचं नाही."

हे सगळ्यांना. माझ्या बहिणीला नाही.

ताईकडे एक जुना बटणांचा फोन होता. तो बिघडला तेव्हा दाजींनी दुसरा घेतला नाही. "घरात दोघं, फोन दोन कशाला? मी आहे ना," एवढं बोलून विषय संपवला. ताईने एकदा माझ्यासमोर म्हटलं, "मलाही शिकवा की." तेव्हा ते हसले. वाईट हसले नाहीत, लाडाने हसले, आणि तेच मला जास्त लागलं. "तुला काय अडलंय? चुकीचं काही दाबलंस तर सगळं पुसलं जाईल." गॅसचा नंबर ते लावत, लाइटबिल ते भरत. पुण्याहून माझ्या भाचीचा, म्हणजे त्यांच्या लेकीचा, व्हिडिओ कॉल आला की उजेड कसा पडतो, हात कसा स्थिर ठेवावा हे सांभाळत फोन तेच धरत, आणि मागे उभ्या ताईचा भाचीला फक्त कान दिसे. नातीचे फोटो आले तर ते आपल्या वेगाने सरकवत. "झालं? पाहिलंस?" ताई म्हणे, पाहिलं. मी तिला विचारलं, तू भांडत का नाहीस? ती म्हणाली, "अगं, त्यांना तेवढंच एक येतं. त्यातही मी हात घातला तर त्यांना काय राहील?"

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी दाजी मोरीत पडले. ताई धावली तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात पडून होता. फोन पलंगावर होता. तिने तो उचलला, पण तो उघडेना. तिने त्यांचा निर्जीव अंगठा धरून काचेवर टेकवला. अंगठा ओला होता, फोनने ओळखलं नाही. पुन्हा टेकवला, पुन्हा नाही. मग फोनने आकडे मागितले. आकडे तिला ठाऊक नव्हते आणि काहीतरी दाबलं तर सगळं पुसलं जाईल, ही तिला शिकवलेली एकमेव गोष्ट होती. म्हणून ती फोन हातात धरून त्यांच्याशेजारी बसून राहिली. किती वेळ, ते तिला सांगता येत नाही. शेवटी भान आल्यावर ती रस्त्यावर गेली. दुपारची सामसूम गल्ली. तिच्या हाका ऐकून पलीकडच्या घरातली फौजीची बायको बाहेर आली. तिने फोन घेतला, कुलूप लागलेल्या पडद्यावरच खाली बारीक अक्षरांत असलेलं आणीबाणीचं बटण दाबलं आणि अँब्युलन्स बोलावली. ताई तिच्याकडे बघतच राहिली. ती म्हणाली, "भाभी, ये तो भाईसाहब ने ही सिखाया था मुझे. आपको नहीं मालूम?"

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणायला हवं होतं. ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. पण ताई बाकावर फोन मांडीत घेऊन बसली होती, आणि हे वाक्य तिने कुणाकडेही न बघता ऐकून घेतलं. मला त्या क्षणी दाजींचा जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. आत काचेपलीकडे निपचित पडलेल्या माणसावर रागावता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दाजी वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शब्द एकच उरला, "नाही". पाणी हवं असलं तरी नाही, नको असलं तरी नाही. फोनचे आकडे त्यांना आठवतही असतील, पण सांगता येईनात, डाव्या हाताने दाबायला गेले की भलतेच पडत. तो बंद फोन कितीतरी दिवस टेबलावर टुंग टुंग वाजत राहिला. त्यांनी शिकवलेली अख्खी जमात त्यावर हात जोडलेली चित्रं आणि गुलाबाची फुलं पाठवत होती. प्रत्यक्ष आले ते मोजके. त्यातल्या एकाने जाताना दारात मला हळूच विचारलं, "दाजी जरा बोलायला लागले की विचाराल का? माझे फोटो कुणाला जातच नाहीयेत."

मी ताईला नवा फोन आणून दिला. मी शिकवायला बसले की दाजी खुर्चीतून पाहत. ताईने चुकीच्या जागी बोट ठेवलं की, "नाही." बरोबर जागी ठेवलं तरी, "नाही." पंधरा वर्षं शिकवणी केलेल्या माणसाला गप्प बसवत नव्हतं, आणि बोलता येत नव्हतं. एके दिवशी त्यांचं नाही-नाही-नाही सुरू झालं तेव्हा ताईने चष्मा काढला आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "पुसलं जाऊ दे सगळं. गेलं तर जाऊ दे. आता मला हात लावू द्या." आवाज चढवला नाही. दाजींनी डावा हात मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ताई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली होती. पॅरालिसिसच्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारे व्हिडिओ तिने शोधून काढले होते. कुणाला न विचारता, बोलून शोध घेता येतो हेही तिचं तिलाच सापडलं होतं. पडद्यावरची बाई म्हणे, "कप." ताई तो थांबवी आणि दाजींच्या ओठांकडे बघत सावकाश म्हणे, "कप." दाजी म्हणत, नाही. ती न कंटाळता पुन्हा म्हणे. कप झालं, दार झालं, दूध झालं. मग तिने फोन पालथा ठेवला.

"आता माझं नाव म्हणा."

मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने उभी राहिले. इतक्या वर्षांत आमच्यासमोर तरी त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ऐक गं, आण गं, एवढंच.

"नाही," दाजी म्हणाले.

"नाही म्हणायला येतं तुम्हाला, ते मला माहीत आहे. नाव म्हणा."

दाजींनी ओठ जुळवले. मान थरथरली, डोळ्यांत पाणी आलं, तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. शब्द आला नाही. ताईने पदराने त्यांचं तोंड पुसलं, स्टूल आणखी जवळ ओढलं. माझी बसची वेळ झाली होती. चपला घालून मी फाटकापर्यंत आले तरी आतून तिचा आवाज येत होता, प्रत्येक अक्षर वेगळं करून, लहान मुलाला सांगावं तसा, आपलंच नाव.

"सु... म... न. हं, म्हणा. सु..."