मामांचं ऊन

उन्हाचा इतका हावरा माणूस अख्ख्या पनवेलात दुसरा नसेल. माझ्या बायकोचे मामा खाडीकाठचे आगरी. पण संध्याकाळ झाली की चपला बाहेर काढून घराजवळच्या जुन्या चर्चमध्ये जाऊन बसायचे. पश्चिमेच्या रंगीत काचांतून ऊन आत उतरायचं आणि कुठल्या रंगात बसायचं हे मामांचं ठरलेलं असायचं. सर्दीला तांबडा, रक्तदाबाला निळा, मामींशी भांडण झालं तर हिरवा. माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा मलाही धरून जांभळ्यात बसवलं होतं. उसण गेली नाही, पण तिथून उठावंसंही वाटेना. फादरनी एकदा कौतुकानं विचारपूस केली, तर मामा म्हणाले, "फादर, खोटं कशाला बोलू? मी देवाला नाय आलो, उनाला आलो."

मधल्या काचेवर जाळं ओढणारा एक संत आहे आणि जाळ्यात एक रुपेरी मासा. मामा त्या संताला दादूस म्हणतात, थोरल्या भावाला म्हणावं तसं. बोंबील महागले, खाडीत गाळ साचला, सगळं त्याच्या कानावर घालायचे.

याच मामांनी चर्चला लागून असलेली आपली भातखाचरं बिल्डरला दिली. तेव्हा सावलीचा विचार कुणाच्या डोक्यात येतो? इमारत वर चढली आणि दादूस काळवंडला. मामांना जेवण गोड लागेना. "माज्याच सहीनं त्याच्या तोंडावर काळोख आला रं," म्हणायचे.

मग एके दिवशी मामींच्या कपाटाचा आरसा नाहीसा झाला. तो सापडला घराच्या गच्चीवर, मामांच्या हातात. तिथं ऊन अजून पोचतं. ते आरशात धरून मामा तिरकं चर्चच्या खिडकीवर सोडत होते. मामी ओरडल्या, "अवो, मी वेणी कशात बघून घालू?"

"माज्या डोल्यांत बघ," मामा म्हणाले. आरसा काही खाली ठेवला नाही.

आता रोज ऊन धाडायचं म्हणजे मामांना स्वतःला आत बसता येत नाही. म्हणून जमेल तेव्हा खांदा कॉलनीतल्या माझ्या घरून मी जातो आणि त्यांच्या बाकावर बसतो. निळं, जांभळं शर्टावर सांडतं आणि मला घरदार आठवेनासं होतं. मामांचे हात हल्ली कापतात. त्याबरोबर ऊनही कापतं आणि जाळ्यातला तो मासा चक्क तडफडू लागतो.

बाहेर आलो की मामा गच्चीवरून विचारतात, "कसा हाय दादूस?"

"मजेत आहे," मी सांगतो. मासा हलतो, हे अजून सांगितलेलं नाही.