प्लेगच्या साथीतली जत्रा

माझं लग्न झालं त्याच वर्षी आमच्या भागात प्लेगची आवई उठली. आम्ही नेकनूरला राहायचो. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं आणि जत्रेत ते नारायणगडाच्या पायथ्याला नारळ-रेवड्यांचं पाल टाकायचे. जत्रेला माणूस किती येणार, हे सासरे आधीच सांगत. त्यासाठी बीडच्या स्टँडवर बसून उतरणाऱ्यांची तोंडं न्याहाळत. अंदाज चुकला की म्हणत, "माणसंच चुकली."

त्या वर्षी तोंडंच दिसेनात. जो तो रुमाल बांधलेला.

"आप्पा, औंदा नारळ कमी घ्या," माझे यजमान म्हणाले. "लोक घराबाहेर पडंनात. जत्रंला कोण येतंय?"

"कावून न्हाई येणार?" सासरे भडकले. "भ्यालेलं माणूस आधी देवाकडंच पळतंय. लई गर्दी होणार हाय!"

आणि त्यांनी नेहमीपेक्षा दुप्पट नारळ आणले. सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आता वर्षभर चटणी वाट."

जत्रेच्या दिवशी पायथ्याला नुसता वारा आणि आम्ही पालवाले. दुपारी मात्र धुरळा उडाला. जीपमागून जीप येऊन थांबली. तोंडाला पांढऱ्या पट्ट्या बांधलेली माणसं उतरली. सासरे टुणकन उभे राहिले. "बघ बे! आले का न्हाई भक्त?"

भक्त देवळाकडे न जाता थेट आमच्या पालामागं गेले आणि उंदरांच्या बिळांत पावडर फवारू लागले. ते आरोग्य खात्याचे लोक होते. त्यांच्यामागून मुंबईचे डॉक्टर आले आणि डॉक्टरांमागून पेपरवाले. एका पेपरवाल्यानं गंभीरपणे विचारलं, "आजोबा, रोग कुठे आहे?"

"पुढच्या पालात इचारा," सासरे म्हणाले. पुढचं पाल त्यांच्या चुलतभावाचं होतं.

डॉक्टरांनी आम्हाला गोळ्या दिल्या आणि उघड्यावरचं खायला, इथलं पाणी प्यायला सगळ्यांना बंदी केली. रेवड्यांचा धंदा बुडालाच म्हणायचा. पण ऊन कडक होतं आणि जीपमधलं पाणी आटलेलं. तेव्हा यजमानांनी एक नारळ उचलला. "सायब, हे बघा. चहूकडून बंद हाय."

डॉक्टरांनी नारळ फिरवून फिरवून तपासला, पट्टी खाली ओढली आणि फोडलेल्या नारळाचं पाणी ते घटाघटा प्यायले. मग रांगच लागली. सगळे नारळ खपले. खोबरं मात्र कुणीच नेलं नाही.

"म्हणलतो ना, गर्दी होणार?" सासरे म्हणाले.

"त्यात भक्त कुठं हायत, आप्पा?"

"मरणाच्या भ्यानंच आलते ना समदे? मग!"

दोघं एसटीत बसेपर्यंत भांडत होते. गाडी रिकामी होती. सासरे मागच्या बाकावर आडवे होऊन घोरू लागले, सासूबाई पुढं खोबऱ्याच्या पोत्याजवळ बसल्या. एवढ्या जागा मोकळ्या असूनही यजमान माझ्या शेजारी येऊन बसले. लग्न झाल्यापासून चारचौघांत असं आम्ही कधी बसलोच नव्हतो. त्यांनी तोंडाचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. शेवटी त्यांनी विचारलं, "गोळी घेतली का?"

"घेतली," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत हसले.