विशेष प्रगती : लक्षपूर्वक ऐकते

अक्का गेल्या. आता मला खरं सांगण्यापासून अडवणारं कोणी उरलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी चौतीस मुलांची प्रगतिपत्रकं खोटी लिहिली होती.

अमळनेर तालुक्यातली छोटी जिल्हा परिषद शाळा. माझी पहिलीच नेमणूक, दुसरीचा वर्ग. अक्का मुख्याध्यापिका. सर्व्हिस बुकात त्यांचं नाव वेगळं, पण गावात आणि पंचायत समितीतसुद्धा त्या अक्काच.

दिवाळीच्या सुट्टीआधी पत्रकं वाटायची असतात. प्रत्येक मुलासाठी रकाने भरायचे. विशेष प्रगती. आवड. सुधारणा आवश्यक.

शिक्षक मित्रांना पुढचं सांगायला नको. स्टेशनरीच्या दुकानात तयार नोंदींची पुस्तिका मिळते. एक वाक्य उचलायचं, एका मुलाला चिकटवायचं. मी हजेरीच्या क्रमाने गेलो आणि दीड तासात मोकळा झालो. वर स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो.

मला वाटलं, अक्का धडाधड सह्या करतील.

बाई एकेक पत्रक वाचत बसल्या!

रोशनीच्या पत्रकावर थांबल्या. "सर, ‘गोष्ट लक्षपूर्वक ऐकते व स्वतःच्या शब्दांत सांगते.’ कोणती गोष्ट सांगितली हिने?"

"मॅडम, तशी शांत मुलगी आहे ती."

"शांत आहे ते मलाही दिसतं. तुमच्याशी शेवटचं काय बोलली?"

मला आठवेना. जूनपासून ती पोरगी माझ्याशी एक अख्खं वाक्य बोलली नव्हती, आणि हे मला त्या क्षणी कळत होतं.

अक्कांनी पेनाला टोपण लावलं. "मी सही करणार नाही. आठ दिवस शिकवणं कमी करा, बघणं वाढवा. दिसेल तेवढंच लिहा."

केंद्रप्रमुखांचे फोनवर फोन. शेजारच्या शाळांची पत्रकं वाटून झालेली. अक्का ढिम्म. मी मनातल्या मनात त्यांना भरपूर शिव्या घातल्या, तेही आज कबूल.

पण बघायला लागलो.

मी फळ्याकडे तोंड करून बोललो की रोशनीची पेन्सिल थांबायची. वर्गाकडे वळलो की पुन्हा चालायची. ती माझे ओठ वाचत होती.

चौथ्या दिवशी खिचडी वाटताना तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट पडलं. सगळा वर्ग दचकला. रोशनी शांतपणे जेवत राहिली.

मी धावत ऑफिसात गेलो. ताटाचं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "आता लिहा."

चौतीसच्या चौतीस पत्रकं पुन्हा लिहिली. या वेळी आठ दिवस लागले. अक्कांनी सगळी वाचली आणि सगळ्यांवर सही केली.

मग पालक सभा. रोशनीचे वडील कैलासभाऊ नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने उतरले ते थेट शाळेत. त्यांचं ठरलेलं होतं. पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही, दिवाळीनंतर ती घरी बसेल आणि धाकट्याला सांभाळेल.

"आवाज देस तं देखत बी नही, अक्का. दोन चापटा दिध्यात तरी तसंच."

पत्रक नुसतं हातात देणं अक्कांना मान्यच नव्हतं. त्या पालकांना ते त्यांच्या बोलीत सांगायच्या.

"कैलास, पोर आडमुठी नही शे. तिले आयकूच येत नही."

कैलासभाऊ म्हणाले, "आनि मी तिले मारं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

अक्का तिथेच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण पालकांपासून काही लपवायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी माझं पहिलं पत्रकही टेबलावर ठेवलं. कैलासभाऊंनी दोन्ही वाचली. चेहरा लाल झाला.

"हाई कोनी लिखं? न देखता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "मीच लिखेल शे. घाईम्हा. चूक मनी शे."

खोट्या ओळीवर सही न करणारी बाई माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलली. आणि मी, मी गप्प बसलो.

सभा संपल्यावर मी रडलो. अक्का म्हणाल्या, "या गावाने तुमचं ऐकायला हवं, सर. अजून तीस वर्षं शिकवायचंय तुम्हाला. कोणाला काही सांगायचं नाही."

रोशनी घरी बसली नाही. धुळ्याला तपासणी झाली, कानाला मशीन आलं. आता ती तिथेच बी.एस्सी. करते, आणि वडिलांना बोलण्यात अजिबात हार जात नाही.

मी आता धरणगावकडे आहे. नोंदी मोबाईलवर भरतो. तिथेही तयार वाक्यांची यादी असतेच. मी ती उघडत नाही. माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलाबद्दल आज मला विचारा, न अडखळता सांगेन. ही फुशारकी वाटली तर वाटू दे. ती अक्कांची कमाई आहे.

आज दुपारी अमळनेरच्या स्मशानभूमीत कैलासभाऊ भेटले. केस पांढरे झालेत.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, "भाऊ, ते पहिलं पत्रक मी लिहिलं होतं. अक्कांनी नाही."

ते म्हणाले,

"माले तव्हयच समजनं, सर. दोन्ही कागदवर एकच अक्षर व्हतं, तुमनं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"अक्कानी झाकं. मी कसाले उघाडू?"

अक्का, चूक माझी होती. आज सगळ्यांसमोर लिहिली.

या आता. मनापासून नमस्कार.