मोरीत ओतलेला तांब्या

पाण्याचं मीटर वाचायला आलेला माणूस आधी मीटरकडे जाईल, असं कुणालाही वाटेल. आमचे मीटरमामा आधी मोरीत जात. बादलीतून तांब्याभर पाणी घेत, ते मोरीत ओतत, खाली बसत आणि जाळीपाशी कान नेत. वैद्याने नाडी बघावी तसा चेहरा करून थोडा वेळ थांबत आणि मग उठून आईला सांगत, "न्हाई गेलं, वहिनी. हितंच थांबलंय." पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली गेलेलं असे. पण हैदराबादेत तारनाक्याच्या त्या टोकाला आमच्या कॉलनीत तेव्हा ड्रेनेजची लाइन नव्हती. मोरीतलं पाणी परसातल्या सेप्टिक टँकमध्ये पडे, म्हणून मामांच्या लेखी ते घरातच असे. "येणाऱ्या पाण्याला सगळे सोयरे," ते म्हणत, "जाणाऱ्याला कुणी न्हाई."

ते नांदेडकडचे. वडिलांबरोबर लहानपणी हैदराबादला आले आणि पुढे पाण्याच्या ऑफिसात मीटर वाचायच्या कामावर लागले. सायकलच्या हँडलला जेवणाचा डबा, खाकी शर्टाच्या खिशात मीटरची काच पुसायचं फडकं आणि काठीला बांधलेला एक फुटका आरसा. आमचं मीटर जमिनीतल्या खड्ड्यात होतं, तिथे आरसा धरून ते आकडे उलटे वाचत आणि वहीत सुलटे लिहीत. मराठी घर म्हणून आमच्याकडे त्यांचा मुक्काम दोन मिनिटं जास्त असे.

मीटरवरून त्यांना घरातलं सगळं कळे. त्या वर्षांत कॉलनीत एकेकाकडे वॉशिंग मशीन येऊ लागलं होतं आणि कुणाकडे आलं हे शेजाऱ्यांच्या आधी मामांना ठाऊक असे. एकदा बाबा पंधरा दिवस पुण्याला गेले होते, तेव्हा आईने घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन काढल्या. पाणी उधळलेलं बाबांना खपत नसे. महिनाअखेर मामा आले, खड्ड्यात वाकले आणि आतूनच म्हणाले, "साहेब गावाला होते वाटतं?" आई घाबरून म्हणाली, "मामा, त्यांना बोलू नका हं." तर म्हणाले, "मी कशाला बोलू? मीटरच बोलतंय की."

मग बिलं कॉम्प्युटरवर निघू लागली. तोवर ती हाताने लिहिलेली येत. पहिलंच छापील बिल आलं आणि त्यात एक नवी ओळ होती, सांडपाण्याच्या आकाराची. बाबा रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवत. नियम म्हणजे नियम, अशा जातीचे. मामा दिसताच त्यांनी त्यांना बसवूनच घेतलं. मामांनी शांतपणे समजावलं, "साहेब, नालीला मीटर नसतंय. नळातून आलेलं मोजायचं अन् तेवढं नालीत गेलं असं धरायचं. पाण्याच्या रकमेचा ठरलेला हिस्सा नालीचा."

"आणि माझी जास्वंद पिते ते?"

"ते बी गेलंच धरतात."

"अहो, पण इथे नालीच नाही!"

"कॉम्प्युटरला काय म्हाईत? नळ दिसला की ओळ छापतंय." मग मामांनीच सांगितलं की अर्ज द्या, माणूस येऊन बघून जाईल आणि ओळ निघेल. तसंच झालं. बाबांच्या इंग्रजी अर्जाची नक्कल घरोघर फिरली आणि वर्षाच्या आत सगळ्या कॉलनीची ती ओळ गेली. आमची ओळ निघाली त्या दिवशी बाबांनी श्रीखंड आणवलं होतं.

ही बातमी रुळांपलीकडच्या मामांच्या बस्तीत पोहोचली. तिथेही नळ होते, नाली नव्हती आणि बिलात ओळ होती. एका रविवारी तिथली चार माणसं बाबांकडे आली. बाबांनी खुशीत चौघांना चार अर्ज लिहून दिले, वर चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मामा आले ते मोरीकडे वळलेच नाहीत. ओसरीवर उभे राहून त्यांनी पिशवीतून ते चार अर्ज काढले. त्या माणसांनी ते, ऑफिसात नेऊन द्या म्हणून, मामांच्याच हाती दिले होते.

"साहेब, हे तुम्ही काय करून ठेवलं?"

मामांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांचं म्हणणं असं होतं. बस्तीने नालीसाठी किती वेळा अर्ज केले, दरवेळी उत्तर आलं की तुमची बस्ती योजनेत नाही. कॉम्प्युटरने चुकून ओळ छापली तेव्हा मामांनी घरोघर जाऊन सांगितलं, भांडू नका, भरा आणि पावती जपा. नालीचे पैसे घेतल्याचं खातंच लिहून देतंय. उद्या आख्ख्या बस्तीच्या पावत्या टेबलावर ठेवू आणि विचारू, नाली कुठाय? "एका घरानं जरी ओळ काढून घेतली, तर कागदावर लागतंय की हितं नाली न्हाई अन् लोकांना नकोबी हाय. मग संपलं."

बाबा चिडले. "नसलेल्या गोष्टीचे पैसे भरायचे? हा शुद्ध मूर्खपणा आहे."

"साहेब, तुम्हाला बिल कमी पाहिजे होतं. आम्हाला नाली पाहिजे. माझी पोरगी सुजाता दहावीच्या परीक्षेला बसली न्हाई. कावीळ. नळाचा पाइप अन् घाण पाणी एकाच खड्ड्यातून जातंय आमच्याकडं. मी जगाचं मीटर वाचतो अन् माझ्या घरात हे."

आईने विचारलं, "मग हे अर्ज फाडून का नाही टाकले तुम्ही?"

"त्यांचे कागद हायेत, वहिनी. मी कसा फाडू? साहेबांनीच येऊन त्यांना सांगावं."

बाबांनी मामांच्या हातून ते अर्ज घेतले, चपला घातल्या. स्कूटर काढली आणि मला मागे बसायला सांगितलं. बस्तीच्या तोंडाशी स्कूटर लावावी लागली, कारण पुढे गल्लीत विटा टाकल्या होत्या आणि त्या विटांवरून पाय टाकत जायचं होतं. मामांच्या दारात सुजाता पुस्तक घेऊन बसली होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. डोळ्यांतला पिवळेपणा अजून पुरता गेला नव्हता. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्या चौघांना त्यांनी सांगितलं की मी लिहिलेला अर्ज बरोबर आहे, पण तो देऊ नका. अर्ज लिहून देणारा माणूस तोच अर्ज नको म्हणतो, हे त्यांना चमत्कारिकच वाटलं असणार. घोळक्यातल्या एका बाईने विचारलं, "कित्ते साल भरना, साब?" बाबांना उत्तर माहीत नव्हतं आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. बाई म्हणाली, "मामू बोल रैं तो भरते." चौघांनी आपापले कागद परत घेतले.

पुढचा अर्ज बाबांनीच लिहिला, आख्ख्या बस्तीचा. दाभणाने ओवलेल्या पावत्यांचे गठ्ठे घेऊन बाबा आणि मामा मोठ्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबाने नेहमीचं सांगितलं, बस्ती योजनेत नाही. मामा त्याच खात्याचे नोकर, नोकरीवर गदा येण्याची भीती होतीच. तरी त्यांनी गठ्ठे टेबलावर मांडले आणि एवढंच म्हणाले, "फिर ये कायकू लिए, साब?" बाबा सांगत, त्या माणसाने एक गठ्ठा उचलला, चाळला, पुन्हा खाली ठेवला आणि घंटी वाजवून फाइल मागवली. फाइल पुढे दोन उन्हाळे हिंडली. तिसऱ्या उन्हाळ्यात बस्तीत खोदाई झाली. लाइन सुरू झाली त्या दिवशी मामांनी आपल्या मोरीत तांब्या ओतला, कान लावला आणि "गेलं!" असं केवढ्यांदा तरी ओरडले म्हणे. सुजाता तोवर कॉलेजात जाऊ लागली होती.

आमच्या कॉलनीचं उलटं झालं. भोवती अपार्टमेंट उभी राहिली, सेप्टिक टँक महिन्या-दोन महिन्यांत भरू लागले आणि बाबा लाइन मागायला गेले. कारकुनाने जुनी फाइल काढून बाबांचाच अर्ज बाबांपुढे धरला. "आपीच लिखके दिए ना, साब? पैसे भरनेवालों का नंबर पैले." बाबा घरी आले, खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. "मूर्ख मी," म्हणाले. पुढच्या वेळी मामा आले तेव्हा बाबांनी त्यांनाही हे सांगितलं. मामा अजिबात हसले नाहीत. मोरीत तांब्या ओतून म्हणाले, "न्हाई गेलं, साहेब. जाईल."

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी कंत्राटावरची पोरं हातातल्या यंत्रातून दारातच बिल काढून देऊ लागली. बाबा वारले. ते गेल्यावर तीन वर्षांनी आमच्या रस्त्यावर लाइन पडली. जोडणी झाली त्या संध्याकाळी मी दुसऱ्या कुणाला नाही, सुजाताला फोन केला.

ती वडिलांना मोपेडवर घेऊन आली. मामांना आता खाली बसता येत नव्हतं. मी मोरीच्या दारात स्टूल ठेवलं, त्यावर बसून ते जमेल तितके वाकले. तांब्या मी ओतला. पाणी जाळीतून खाली गेलं, पाइपात वळलं आणि लांब, रस्त्याच्या बाजूला जाईपर्यंत ऐकू येत राहिलं. मामा बराच वेळ तसेच होते. मला वाटलं, कंबर धरली.

"गेलं," ते हळूच म्हणाले. मग भिंतीला धरून उठले, माझ्याकडे न बघता फडक्याने डोळे पुसले. "साहेबांना ऐकवायला पाहिजे होतं."

ती त्यांची आमच्या घरातली शेवटची खेप. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, बिलात ओळ परत आली का. म्हटलं, आली.

"भरा," म्हणाले. "अन् पावती जपा."