अर्धी वाचलेली चिठ्ठी

गावात टपाल आलं की मला बोलावणं यायचं. आमच्या गल्लीतल्या चार घरांचे पुरुष लढाईवर होते. त्यांची पत्रं मी उंबऱ्यात बसून खणखणीत आवाजात वाचायची. सातवीत होते, आणि त्या वाचनाची माझ्या अंगात भलतीच मस्ती होती. म्हणून हे सांगताना आणखीच लाज वाटते, की एकच चिठ्ठी मी अर्धी वाचली आणि ती माझ्या आईची होती.

धाकट्या भावाच्या वेळी बाळंत झाल्यावर आई पंधराव्या दिवशी उसाच्या फडात गेली. दादा, म्हणजे माझे वडील, पलटणीत, मग घरात करणारं दुसरं कोण होतं? जनावरांसाठी उसाच्या वाड्याचे, म्हणजे हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावरून आणता आणता तिचं अंग बाहेर यायला लागलं. गर्भाची पिशवी खाली सरकते, त्याला आमच्याकडच्या बायका असं म्हणतात, आणि तेही एकमेकींच्या कानात. शेतात तण भांगलताना आई मध्येच बांधाआड जायची, काहीतरी सावरायची आणि परत येऊन पात धरायची. चालायची पाय फाकून. नदीवर एका मुलीनं तिच्या चालण्याची नक्कल केली, तेव्हा मी भांडले नाही. सगळ्यांबरोबर हसले.

शेवटी थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, तिला सांगलीला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. 'बाईमाणसाचं दुखणं' एवढंच त्यांना चुलतीकडून कळलं होतं. कोरेगावहून आगगाडीनं गेलो. आबा पुरुषांच्या डब्यात, आम्ही दोघी बायकांच्या. दवाखान्यात आई पदर दातात धरून पडून राहिली. बाईंनी अंग वर सारलं आणि ते पुन्हा उतरू नये म्हणून आत एक रबरी कडं बसवलं. आई उठली, चार पावलं चालली आणि नवलानं माझ्याकडं बघत म्हणाली, "काय बी लोंबत न्हाई गं."

बाईंनी एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "आईला नीट वाचून दाखव," म्हणाल्या.

आईला कुठला धीर. स्टेशनवरून गावाकडं निघालो तर बैलगाडीतच तिनं विचारलं, "वाच की गं, काय लिवलंय बाईनं?" पुढं आबा बैल हाकत होते. आई त्यांच्याकडं पाठ करून, कपाळावर पदर ओढून बसली होती. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलायची नाही. काही सांगायचं झालं तर आम्हा पोरांच्या तोंडून.

मी सुरू केलं. "जड उचलू नये. उकिडवे बसून काम करू नये. पालेभाजी खावी, पोट साफ ठेवावे." माझे डोळे पुढच्या ओळीवर गेले आणि जीभ अडली. तिथं लिहिलं होतं, दर तीन महिन्यांनी येऊन कडे काढून धुऊन घ्यावे. अंगावरून रक्त गेले किंवा वास आला तर ताबडतोब यावे. मालक रजेवर येण्याआधी दाखवून जावे. हे आबांच्या कानावर घालायचं? मी चिठ्ठीची घडी घातली.

"बस, एवढंच हाय," म्हटलं.

घरी गेल्यावर उरलेली वाचीन, असं मनाशी म्हटलं होतं. आज नको, उद्या, असं करत ती चिठ्ठी माझ्या भूगोलाच्या पुस्तकात राहिली. ऐकलेल्या अर्ध्या चिठ्ठीचा शब्दन् शब्द मात्र आईनं पाळला. रोज कसलीतरी भाजी खुडून आणायची. भारे माझ्या डोक्यावर आले आणि मी रोज कुरकुर केली. दादा रजेवर आले, महिनाभर राहून गेले. तो महिना आईनं कसा काढला, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी वास यायला लागला. मी माझं अंथरूण तिच्यापासून लांब नेलं. हळदीकुंकवाला ती दाराशी बसायची आणि लवकर उठायची. मैत्रिणी घरी आल्या की मीच तिला घरामागच्या परड्यात जाऊन बसायला सांगायची, आणि ती निमूट जायची. चिठ्ठी मी विसरले होते असं नाही. रोज आठवत होती. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

तिसऱ्या वर्षी ताप आला आणि रक्त जायला लागलं. पुन्हा सांगली. कडं मांसात रुतलं होतं, काढताना आईचं ओरडणं मी बाहेरून ऐकलं. मला आत बोलावलं तेव्हा बाई संतापलेल्या होत्या. "तीन महिन्यांनी या म्हणून लिहून दिलं होतं! कुणी वाचून दाखवलं नाही तुम्हाला?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं, ते मला दिसलं.

"वाचली व्हती की पोरीनं," ती म्हणाली. "माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

बाईंनी तिला फैलावर घेतलं. स्वतःच्या जिवाची इतकी हेळसांड करतात का, म्हणाल्या. आई मान खाली घालून ऐकत होती आणि मी तिच्या पायाशी उभी होते.

जखम भरायला तीन आठवडे लागले. अंगात रक्त भरलं की टाके घालून अंग कायमचं वर बांधता येईल, तोवर नवं कडं, असं ठरलं. परतताना बैलगाडीत आई तशीच आबांकडं पाठ करून बसली. कमरेची नवी चिठ्ठी काढून तिनं माझ्यापुढं धरली.

"वाच," म्हणाली. "समदं वाच. मोट्यानं."

मी वाचली. दर दोन महिन्यांनी, रक्त, वास, मालक, सगळं. पत्रं वाचणारा तो आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. आबांनी मागं वळून बघितलं नाही. तसेच पुढं बघत म्हणाले, "पोरी, आईला इचार, दोन म्हैनं म्हंजी शिमग्याच्या आदी का मागनं? त्या हिशोबानं गाडी मोकळी ठिवतो."

"आदी," आई पदराआडून म्हणाली. त्यांना ते ऐकू गेलं होतं, तरी रीतीप्रमाणे मी पुन्हा सांगितलं.

"बरं," म्हणून त्यांनी बैल हाकारले. अडीच वर्षं मी ज्यांच्या कानांना भ्याले, त्यांना गाडी कधी जुंपायची एवढंच हवं होतं.